एकवीस दिवसांचे लाडू

सोमवारी सकाळी सव्वासातला दुर्गानं एक फोटो पाठवला. दुर्गा म्हणजे माझी नणंद, यांची धाकटी बहीण. तिच्या मुलीचं, प्रियदर्शनीचं, लग्न नऊ दिवसांवर आलं होतं, त्यामुळे सकाळच्या वेळी फोटो येणं काही नवीन नव्हतं. ब्लाउजच्या बाह्या, रुखवतातली तोरणं, मेंदीची नक्षी असलं काहीबाही रोज येई आणि मी ‘छान’ लिहून मोकळी होई. मी मसुराचं पीठ चाळत होते, हात भरलेले होते, म्हणून करंगळीनं फोन उघडला. फोटोत नुसता हात होता. कोपराच्या आतली बाजू, रक्त काढताना सुई टोचतात ती जागा. तिथे पाणी भरलेल्या बारीक पुटकुळ्यांची एक ओळ होती आणि ओळीभोवतीची कातडी लाल, ताणलेली, चकाकणारी. खाली लिहिलं होतं, ‘वहिनी, थंडीनं असेल ना गं? रात्रभर खाजवत होती. लाडू चालू ठेवलेत, मध्ये सोडायचे नाहीत म्हणालीस ना.’ ते थंडीचं नव्हतं. कशाचं होतं ते मला पाहताक्षणी कळलं होतं, दुसऱ्यांदा पाहण्याची गरज नव्हती, तरी मी पाहिलं. फोटो मोठा केला, मग लहान केला. लहान केला की ते साधं घामोळं वाटत होतं. मी तो बराच वेळ लहानच ठेवला आणि मग लिहिलं, ‘कोरडेपणानं असेल. खोबरेल लाव, दुधीचा रस दे, तिखट बंद.’ लाडवांबद्दल काही लिहिलं नाही. विसरले असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण मी विसरले नव्हते.

मी सव्वीस वर्षं मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर दोन महिने घरात बसले, तिसऱ्या महिन्यात उटणं करायला घेतलं, आणि पाच वर्षांत सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत ज्या ज्या घरात मुलगी लग्नाची आहे त्या घरात माझं नाव पोचलं. लोकांना वाटतं मी उटणं विकते. खरं तर मी बोलणं विकते, उटणं त्याच्याबरोबर जातं. गालावर फोड घेऊन पोरगी आली की मी आधी तिला जीभ दाखवायला लावते, मग काल काय खाल्लंस ते विचारते, आणि तिनं सांगायच्या आत मीच सांगते. रात्री दही खाल्लेलं दिसतंय. शेंगाचटणीवर हात मारलेला दिसतोय. सोलापुरात शेंगाचटणी खाल्लीस का हे विचारण्यात काय हुशारी आहे, पण पोरी डोळे मोठे करून आईकडे बघतात आणि त्या क्षणापासून माझ्या होतात. उटण्याखेरीज कातडीला वरून काही लावू नका, पोट सांभाळा, कातडी आपोआप उजळेल. काही सोलू नका, काकडी नाही, दुधी नाही, सफरचंद नाही, सत्त्व सगळं सालीत असतं. हे मी इतक्या वेळा म्हटलंय की ते म्हणताना माझा आवाजसुद्धा बदलतो, वर्गात फळ्यासमोर उभी असल्यासारखा होतो. आमचे हे जिल्हा परिषदेत कारकुनी करून निवृत्त झाले, त्यांना बोलायची सवय नाही. ते एकदा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले होते, ‘तू डॉक्टर नाहीस, एवढं लक्षात असू दे.’ मी आठ दिवस त्यांच्याशी धड बोलले नव्हते.

नवरीसाठी माझे एकवीस दिवसांचे लाडू असतात. डिंक, खारीक, गोडंबी, खोबरं, गूळ आणि थोडी मेथी. रोज सकाळी उपाशीपोटी दोन, आणि खंड पाडायचा नाही. खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून, असं मी बजावून सांगते. त्याला शास्त्र काही नाही, पण नियम कडक असला की माणसाचा विश्वास बसतो हे शाळेत शिकवून शिकवून मला कळलं होतं. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतलं पांढरं बी, बदामासारखं लागतं, आमच्याकडे बाळंतिणीलाही देतात. वाईट असतं ते त्याच्या भोवतीचं. बिब्ब्याच्या टरफलात काळा चिकट रस असतो. तो अंगाला लागला की जाळतो, आणि एखाद्याला नुसताच जाळत नाही, अंगभर उठतो. त्याला बिब्बा उतणं म्हणतात. बाजारात फोडून साफ केलेली गोडंबी मिळते, इतकी वर्षं मी तीच वापरली. या वर्षी मला अवदसा आठवली. माझ्याकडे कामाला येणाऱ्या अंबुबाईचा भाऊ ज्ञानू सांगोल्याकडे शेळ्यामेंढ्या राखतो, त्यानं रानातले बिब्बे पोतंभर आणून दिले, आणि मला वाटलं आपण घरीच फोडू. प्रियदर्शनी घरची मुलगी. तिच्यासाठी पाकिटातलं कशाला.

हे सगळं मला त्या सकाळी पीठ चाळताना आठवलं असं नाही. त्या सकाळी मला होटगी आठवली. वडील होटगी स्टेशनात बुकिंग क्लार्क होते आणि आम्ही रेल्वेच्या चाळीत राहायचो. धोबी बिब्ब्याच्या रसानं आमच्या चादरींवर खूण करायचा, ती चादर फाटेपर्यंत जायची नाही. मी दहा वर्षांची आणि थोरली बहीण सोळाची असताना एकदा आम्ही दोघी बाभळीच्या काट्यांत शिरलो, आणि आईनं दोघींच्या टाचांना एकाच बिब्ब्याचा चटका दिला. माझी टाच दोन दिवसांत बरी झाली. बहिणीला आठव्या दिवशी उतला. आधी कोपराच्या आत, मग गुडघ्यामागे, मग मान, मग डोळे. पापण्या सुजून मिटल्या, ओठ वर आले, सोळा वर्षांच्या मुलीचं तोंड एका रात्रीत कुणा परक्या बाईचं झालं. आई तिचे हात पदरानं खाटेला बांधून ठेवायची, खाजवू नये म्हणून. मी दारात उभी राहून बघायचे. मला तिची दया येत होती आणि खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काही नाही याचा आनंदही होत होता. मी रोज आरशासमोर जाऊन कोपर उलटं करून बघायचे. माझी कातडी स्वच्छ होती. मला वाटायचं, मी काहीतरी चांगलं खाल्लेलं असणार, माझ्यात काहीतरी चांगलं असणार. माझा हा सगळा उद्योग तिथेच सुरू झाला असं मला आता वाटतं. बहिणीला जवळच्या गावचे लोक बघायला येणार होते, ते आले नाहीत. चाळीतल्या बायका म्हणत होत्या, उतून गेला की जाईल, पण डाग वर्षभर राहिले.

मंगळवारी दुपारी मी स्कूटीवरून दुर्गाकडे गेले. संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा उठून पंधरा दिवस झाले होते. सकाळी थंडी आणि दुपारी ऊन चटचटायचं, अशा दिवसांत डोकं धड थाऱ्यावर राहत नाही. वाटेत मी ठरवत होते की लाडवांचा डबा काहीतरी निमित्त काढून परत आणायचा. तूप खवट निघालं म्हणायचं. गूळ बदलायचाय म्हणायचं. मग दुसरे करून द्यायचे, बाजारच्या गोडंबीचे, आणि पोरगी आपोआप बरी होईल. निमित्त चांगलं होतं, मी ते सिग्नलला थांबून दोनदा पुटपुटलेसुद्धा. प्रियदर्शनीनं दार उघडलं. तिच्या गळ्याभोवती आता लाल पट्टा होता आणि एक पापणी जड झाली होती. ‘मामी, बघ ना गं काय झालंय,’ ती म्हणाली आणि हसायला गेली, पण तोंडाची कड ताणली तशी थांबली. ती बँकेत नोकरी करते, शहाणी मुलगी आहे, लहानपणापासून माझ्यामागे मामी मामी करत फिरायची. दुर्गा स्वयंपाकघरातून ओरडून सांगत होती की बिचारीनं बारा दिवसांत चहासुद्धा घेतला नाही, मामीनं सांगितलं तसं सगळं केलं. मी म्हणाले, ‘लाडवांचा डबा दे जरा.’ दुर्गानं विचारलं, ‘का गं, काही बिघडलंय का?’ साधा प्रश्न होता. तिच्या मागे ओट्याजवळ तिची शेजारीण उभी होती, तिच्या भाचीचं लग्न मे महिन्यात होतं आणि तिनं माझ्याकडे नाव नोंदवलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, ‘नाही, किती उरलेत ते बघत होते.’ आणि डबा उघडून, उरलेले लाडू मोजल्यासारखं करून, झाकण लावून परत दिला. कसा दिला ते मला कळलं नाही. हात माझेच होते.

घरी येऊन मी कपाटातल्या बरणीतून दोन लाडू काढले. त्याच घाण्यातले, थोडे घरात ठेवलेले होते. उभ्यानंच खाल्ले. मला काही झालं नाही तर लाडवांत काही नाही असं मी स्वतःला सांगत होते, आणि त्याच वेळी मला होटगीची खाट दिसत होती. एकच बिब्बा दोघींना लागला होता आणि मी तेव्हाही सुटले होते, म्हणजे माझ्या सुटण्याला काही अर्थ नव्हता हे मला पन्नास वर्षांपासून ठाऊक होतं. तरी मी बुधवारी सकाळी दोन खाल्ले, गुरुवारी दोन खाल्ले. दर तासाला बाथरूममध्ये जाऊन बाह्या वर करायचे. कातडी स्वच्छ. गुरुवारी खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात म्हणाली, ‘बाई, चेहऱ्यावर काय तेज आलंय तुमच्या, लग्नघर मानवतंय.’ मी वर येऊन पुन्हा बाह्या वर केल्या.

बुधवारी संध्याकाळी दुर्गा प्रियदर्शनीला कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि मला बरोबर बोलावलं, कारण मला त्यातलं कळतं. मी गेले. न जाणं जास्त विचित्र दिसलं असतं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं प्रियदर्शनीचे हात उलटसुलट करून पाहिले, पोटऱ्या पाहिल्या, मग विचारलं, काही नवीन लावलं का, मेंदी, हळद, क्रीम. नाही. काही नवीन खाल्लं का. दुर्गा म्हणाली, ‘सगळं नॅचरल चालू आहे, लाडू आहेत फक्त, ह्या आमच्या वहिनी स्वतः करतात.’ डॉक्टर माझ्याकडे वळली. ‘काय काय असतं लाडवांत?’ मी सांगितलं. डिंक, खारीक, खोबरं, गूळ, मेथी, तूप, वेलदोडा, जायफळ. खसखस नसते तीही सांगितली. मी इतकं व्यवस्थित सांगितलं की ती मान डोलावत लिहून घेत गेली. गोडंबी हा शब्द माझ्या तोंडात आला होता, खारकेच्या आणि खोबऱ्याच्या मध्ये, त्याची जागा तिथेच असते. मी तो गिळला. तेवढ्यापुरताच गिळतेय असं मला वाटलं, नंतर बाहेर गेल्यावर सांगू. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, मलम दिलं, म्हणाली कशाची तरी अॅलर्जी आहे, डोळ्यांना सूज वाढली किंवा घसा दाटला तर ताबडतोब या, थांबू नका. घसा दाटला तर. बाहेर रिक्षात प्रियदर्शनी मध्ये बसली होती आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, ‘गोळ्यांचं मला काही खरं वाटत नाही. निदान लाडवांनी आतून तरी बरं होईल.’ तिच्या अंगाची धग माझ्या दंडाला लागत होती. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. आत्ता सांग, आत्ता सांग, असं मी स्वतःला म्हणत होते आणि रिक्षा वळत होती, थांबत होती, पुन्हा चालू लागत होती, आणि मग दुर्गाचं घर आलं.

अंबुबाई रोज दहाला येते. अकरा वर्षं येते आहे, आधी नुसती घरकामाला यायची. दळण, कांडण, चाळण, निवडण, माझ्या उद्योगातलं हातानं करायचं जेवढं आहे तेवढं सगळं ती करते. तिचा नवरा बिरुदेव अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणायच्या मागावर आहे, दिवसभर यंत्राच्या आवाजात राहून त्याला आता ऐकू कमी येतं, त्यामुळे अंबुबाईला मोठ्यानं बोलायची सवय लागलेली आहे. माझ्याखेरीज ती दुर्गाकडे आणि दुर्गाच्या ओळखीच्या तीन-चार घरी उन्हाळ्यात कुरडया, पापड, मसाले करते. तीन दिवस मी तिच्यापासून फोन लपवत होते. तिला आंबेहळद किसायला बसवून आत जाऊन बसायचे, कारण तिच्या समोर बसलं की मला तो बिब्बे फोडायचा दिवस दिसायचा. गच्चीवर ती दगडावर एकेक बिब्बा उभा धरून फोडत होती, हाताला तेल चोपडून, राखेचं घमेलं शेजारी घेऊन. मी तिचा फोटो काढत होते. ‘थेट रानातून’ असं मी खाली लिहिणार होते, आणि लिहिलं. फोडून झाल्यावर तिनं दोन ढीग केले, एक पांढऱ्या बियांचा आणि एक डाग पडलेल्यांचा. ‘बाई, ह्येला रस लागलाय, ह्ये न्हाय घ्यायचं,’ ती म्हणाली. ‘आन् चांगल्यालाबी राखंत चोळावं लागतंय, मग गरम पाण्यात दोन उकळ्या, वरचं तांबडं साल काढून तुपात तळायचं. माजी आय तसंच करायची.’ मी हसले होते. मी म्हणाले होते, ‘अंबुबाई, उकळून, सोलून, तळून काय राहतं त्यात? सत्त्व सगळं सालीत.’ ‘सालीत इख बी आसतंय की,’ ती म्हणाली. मी ते वाक्य इतकं आवडल्यासारखं केलं की तीही हसली, आणि ती भांडी घासायला गेल्यावर मी डागाळलेल्या ढिगातल्या जरा बऱ्या दिसणाऱ्या बिया उचलून पांढऱ्यांत टाकल्या, कारण एकवीस दिवसांना माप पुरत नव्हतं. फडक्यानं पुसून टाकल्या. कच्च्याच, सालीसकट, मिक्सरमधून काढल्या.

गुरुवारी मला राहवेना. दुर्गानं सकाळी नवा फोटो पाठवला होता, दोन्ही डोळ्यांचा, आणि खाली काहीच लिहिलं नव्हतं. मी तो अंबुबाईच्या समोर धरला. तिनं हात पुसले, फोन लांब धरून पाहिला आणि विचारलंसुद्धा नाही. ‘बिब्बा उतलाय त्यो,’ ती म्हणाली. ‘पियाताई व्हय? लाडू खातीया आजून?’ ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, तिनं आवाज खाली आणला, अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी तिला हळू बोलताना ऐकलं. ‘ते डागाचं तुमी घातलं का काय त्यात?’ मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाच स्पष्ट नव्हतं, पण तिला कळलं. ‘जावा की मग. सांगा की बंद कर म्हनून. घशात उतला तर पोर जाईल, बाई.’ मी म्हणाले, ‘कसं सांगू?’ हे मी खरोखर तिला विचारत होते, ती जणू माझी आई होती. अंबुबाईनं खाली सांडलेला कीस गोळा केला. मग खांदे उडवून म्हणाली, ‘माज्या हातनं ऱ्हायलं म्हनून सांगा. माजं काय जातंय? पोर वाचली पायजे.’ आणि पुन्हा किसणी हातात घेतली.

तरीही मी गुरुवारी गेले नाही. हे लिहिताना मला स्वतःची किळस येते. संध्याकाळ झाली, मग उशीर झाला, मग उद्या मुलाकडचे येणारच आहेत, उद्या जायचंच आहे, असं म्हणून मी देवापाशी दिवा लावला आणि बसले. शुक्रवारी सकाळचे दोन लाडू प्रियदर्शनीनं खाल्ले असतील तेव्हा मी दात घासत होते. अकराला पोचले तर मुलाची आई आधीच आली होती, अक्कलकोटहून, साडी नेसवून बघायला म्हणून. कानडी वळणाचं मऊ मराठी बोलणारी, नीटस बाई. साडी पिशवीतून काढलेलीच नव्हती. प्रियदर्शनी ओढणी डोक्यावरून घेऊन खुर्चीत बसली होती. ओढणीच्या आतला चेहरा मी पाहिला आणि मी पुन्हा दहा वर्षांची होऊन दारात उभी राहिले. ती गिळताना गळ्याला हात लावत होती. मुलाची आई दुर्गाला शांतपणे विचारत होती, ‘हे अंगावरचं म्हणजे काय असतं हो? पसरतं का? आमच्या घरात लहान नातवंडं आहेत, म्हणून विचारते, राग मानू नका.’ दुर्गा सांगत होती की अॅलर्जी आहे, डॉक्टर म्हणाल्यात. ‘कशाची?’ दुर्गाला सांगता येईना. ‘मग असं करू या का,’ मुलाची आई म्हणाली, ‘पूर्ण बरं होईपर्यंत थांबू. घाई काय आहे? पुढे बघू.’ पुढे बघू म्हणजे काय ते त्या खोलीत सगळ्यांना कळलं. प्रियदर्शनीनं ओढणी आणखी पुढे ओढली. तिच्या खांद्यांकडे बघवत नव्हतं.

‘रोग नाहीये तो,’ मी म्हणाले. माझा आवाज वर्गातला झाला होता. ‘बिब्बा उतलाय. पसरत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. लाडू आत्ताच्या आत्ता बंद करायचे, हिला डॉक्टरकडे न्यायचं, पंधरा दिवसांत डागसुद्धा राहणार नाही.’ डागांचं मी खोटंच सांगितलं. मुलाच्या आईच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. त्यांच्याकडेही बिब्बा ठाऊक होता, कोणाच्या तरी काकूला उतलेला होता. त्या म्हणाल्या, अगंबाई, मग असं सांगायचं की आधी. खोलीत हवा आल्यासारखं झालं. मग दुर्गानं माझ्याकडे बघून विचारलं, ‘पण लाडवांत बिब्बा कुठून आला?’ शेजारीण दारात येऊन उभी होती. प्रियदर्शनी सुजलेल्या पापण्यांच्या फटीतून माझ्याकडे बघत होती, भरवशानं, जणू उत्तर चांगलंच असणार. मी चार दिवस ज्या वाक्याला भीत होते ते वाक्य तसं लहान होतं. मी डागाळलेल्या बिया घातल्या. एवढंच. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, ‘गोडंबी अंबुबाईनं निवडली होती. तिच्याकडून राहिलं. कालच कबूल केलं तिनं माझ्यापाशी.’

किती सहज आलं ते. त्यात अडखळण्यासारखं काही नव्हतंच, प्रत्येक शब्द तिनंच मला दिलेला होता. दुर्गा कपाळाला हात लावून म्हणाली, ‘तरी मी म्हणत होते, त्या लोकांच्या हाती खायचं काही देऊ नये.’ ती असं कधीच म्हणाली नव्हती, गेली आठ वर्षं तिचा वर्षाचा मसाला अंबुबाई करते. मुलाची आई म्हणाली, ‘तुमचा तरी काय दोष, तुम्ही विश्वासानं दिलं.’ शेजारणीनं विचारलं, कोण, ती मोठ्यानं बोलणारी का, आणि तिथूनच कोणाला तरी फोन लावला. डॉक्टरकडे गेलो, इंजेक्शन दिलं, डॉक्टर म्हणाली आणखी दोन दिवस गेले असते तर दवाखान्यात ठेवावं लागलं असतं. परत येताना प्रियदर्शनी माझा हात सोडत नव्हती. ‘मामी, तू होतीस म्हणून कळलं,’ ती म्हणाली. लग्न ठरल्या दिवशी होणार, असं मुलाच्या आईनं निघताना सांगितलं, साडी ठेवून गेल्या. माझ्या मे महिन्याच्या यादीतलं एकही नाव कमी झालं नाही. उलट शेजारीण म्हणाली, ‘बाईंनी निदान लपवलं नाही, दुसरं कोणी असतं तर मूग गिळून बसलं असतं.’

शनिवारी अंबुबाई दहाला आली नाही, अकराला आली. मी चहाचा कप घेऊन खिडकीत उभी होते आणि तिला रस्ता ओलांडताना पाहिलं, नेहमीसारखीच चालत होती. दार उघडलं तर ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच चपला न काढता उभी राहिली. ‘पियाताई कशी हाय?’ तिनं विचारलं. मी सांगितलं, सूज उतरतेय, डोळे उघडले. ‘बरं झालं बया,’ ती म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं, मला ते ऐकणं अवघड गेलं. मग थोड्या वेळानं म्हणाली, ‘दुर्गाताईंनी यिऊ नको म्हनून सांगितलं. त्येंच्या खालच्याबी दोन घरांनी सांगितलं. आता जाऊन आली.’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती वाट बघत होती. मी आता काही बोलेन असं तिला वाटत असावं, आणि मलाही वाटत होतं. आत हे पेपर वाचत होते, पान उलटल्याचा आवाज आला. मी म्हणू शकले असते, या, आत या. एवढं तरी. पण दुर्गा संध्याकाळी येणार होती, लग्नाचं उटणं न्यायला, आणि तिनं अंबुबाईला माझ्या घरात बसलेली पाहिली असती तर विचारलं असतं, हिला तू अजून ठेवलीस? आणि मग मला पुन्हा काहीतरी सांगावं लागलं असतं.

‘सध्या थोडं थांबू या,’ मी म्हणाले. ‘लग्न होऊ दे. काम निघालं की मी फोन करीन.’

अंबुबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्याकडे फोन नाही. अकरा वर्षांत तिला फोन करायची वेळच माझ्यावर कधी आली नव्हती, ती आपली रोज यायची. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा ती ‘बरं’ म्हणून चार पायऱ्या उतरलीही होती.